१०२४ बाय ७६८

बेळगावच्या शहापूर भागात माझे डीटीपीचे दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, गणेशोत्सव मंडळांचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, असे जे जे छापून वाटता किंवा टांगता येते ते आम्ही करतो, आणि गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे माझा दिवस पडद्यासमोर जातो. त्या पडद्यावर चित्र उमटते कसे, याचा विचार मात्र मी कधी केला नव्हता. तो करावा लागला चतुर्थीला नऊ दिवस उरले असताना.

त्या आठवड्यात मुख्य संगणकाची हार्ड डिस्क गेली. कामांच्या प्रती दुसरीकडे ठेवलेल्या असल्यामुळे वाचलो. पुतण्याने रात्री बसून नवी एसएसडी लावली, विंडोज टाकले, मराठी टाइपांची श्रीलिपी टाकली, चित्रे जुळवण्याचे कोरलड्रॉ टाकले आणि अकराच्या सुमारास तो घरी गेला. सकाळी मी संगणक सुरू केला तेव्हा पडद्यावरची सगळी चिन्हे बुटकी आणि आडवी पसरलेली दिसत होती. रिझोल्युशन, म्हणजे पडद्याचे पिक्सेलमधले, ठिपक्यांतले माप, १०२४ बाय ७६८ होते आणि ते बदलण्याचा रकाना फिकट पडलेला होता, म्हणजे दिसत होता पण दाबता येत नव्हता. शेजारचा दुसरा मॉनिटर काळाठिक्कर. मी एका मंडळाचा दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स उघडला आणि मूर्तीचा फोटो उचलून थोडा डावीकडे नेला. बोट सोडल्यानंतर एक क्षण काहीच झाले नाही. मग आधी मुकुट सरकला, त्यानंतर कपाळ आणि सोंड, आणि सर्वांत शेवटी, आठवण आल्यासारखा, उंदीर आपल्या जागी गेला.

त्याच वेळी येळ्ळूरचे मामा दुकानात चहाला येऊन बसले होते. सातबाऱ्याला आमच्याकडे लोक नुसते 'उतारा' म्हणतात. त्या उताऱ्यावर त्यांच्या वडिलांच्या नावात एक अक्षर कमी पडले होते आणि ते दुरुस्त करून घेण्यासाठी ते दोन आठवडे कचेरीच्या खेपा घालत होते. माझी धडपड त्यांनी काही वेळ पाहिली.

"काय करालाईस रे? मघाधरनं टकटक करालाईस, अन् गणपती जागचा हलंना."

"ड्रायव्हर नाही, मामा."

"ड्रायव्हर नाही तर क्लीनरला बसव की."

मी हसलो, पण नंतर लक्षात आले की मामांनी नकळत अचूक निदान केले होते. ड्रायव्हर म्हणजे संगणकाच्या एखाद्या भागाशी, इथे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाशी, त्याच्या भाषेत बोलणारा प्रोग्रॅम. विंडोजने खरोखरच क्लीनरला बसवले होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माझ्या ग्राफिक्स कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर' असे लिहिलेले होते. कोणत्याही कार्डावर किमान चित्र तरी उमटावे म्हणून ठेवलेला हा सर्वसाधारण ड्रायव्हर आहे आणि विंडोज ८ पासून तो याच नावाने ओळखला जातो. गाडी घाटात बंद पडू नये एवढ्यापुरते स्टिअरिंग धरण्याची त्याची तयारी असते. गिअर बदलणे हे त्याचे काम नव्हे.

कार्ड बिघडलेले नव्हते, ही गोष्ट मला फार उशिरा नीट कळली. पंखा फिरत होता, आतल्या शेकडो गणनयंत्रणा शाबूत होत्या आणि आदल्या आठवड्यापर्यंत तेच कार्ड हाच फ्लेक्स लोण्यासारखा सरकवत होते. फक्त ते बनवणाऱ्या कंपनीने त्या पिढीच्या कार्डांसाठी ड्रायव्हर लिहिणे बंद केले होते, आणि जुन्या विंडोजसाठीचा जो ड्रायव्हर तिच्याकडे शिल्लक होता तो नव्या विंडोजवर बसत नव्हता. कार्डाची भाषा जाणणारा आता या घरात कोणी राहिला नव्हता.

मामांचे त्या दिवशी कचेरीत नेमके हेच झाले होते. खिडकीतला कारकून म्हैसूरकडचा, त्याला मराठी येत नव्हती. मामांची कन्नड भाजीबाजारापुरती. मग आपल्याकडे अशा वेळी जे होते ते झाले, म्हणजे दोघेही हिंदीवर आले. दोघांचीही हिंदी बेताची. 'नाम गलत है, सही करना' एवढे मामांना सांगता आले. पण वारसा नोंद कधी झाली, जुन्या दप्तरात नाव बरोबर असून संगणकीकरणात अक्षर कसे गळले, भावाची संमती आहे की नाही, हे काही त्या हिंदीत मावेना. कारकुनाने 'मुंदिन मंगळवार बर्री' म्हणून त्यांना पुढच्या मंगळवारी बोलावले. कारकून कामचुकार नव्हता आणि मामांचे म्हणणेही चुकीचे नव्हते. शेवटी बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या बाँड रायटरने मामांकडून सगळी हकीकत मराठीत ऐकून घेतली, दहा मिनिटांत एक पानी कन्नड अर्ज लिहिला आणि तो कोणत्या खिडकीत, कोणत्या कागदांबरोबर द्यायचा तेही सांगितले. मामा चहा पिता पिता त्याचेच कौतुक करत होते.

संगणकातली ही मोडकी हिंदी बरीच जुनी आहे. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणले, ६४० बाय ४८० पिक्सेल आणि १६ रंग. पुढे इतक्या कंपन्यांनी आपापली कार्डे त्याच्याशी जुळती ठेवली की व्हीजीए ही सगळ्यांना थोडीथोडी येणारी बोली होऊन बसली. प्रत्येक कार्डाची स्वतःची भाषा निराळी, आतले रजिस्टर, म्हणजे आज्ञा नोंदवायचे छोटे कप्पे, निराळे, आज्ञांची रचना निराळी. पण अडीअडचणीला ही बोली सर्वांना येते, असा अलिखित करार होता. आताच्या संगणकात ते काम यूईएफआय हे फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्येच ठेवलेला प्रोग्रॅम, करते. संगणक सुरू होताना ते पडद्याचे एक माप ठरवून देते, स्मृतीतला एक पट्टा दाखवते आणि ऑपरेटिंग सिस्टिमला सांगते की इथे लिहाल ते पडद्यावर दिसेल. बेसिक ड्रायव्हरला एवढाच पट्टा ठाऊक असतो. माप बदलायचे तर कार्डाशी त्याच्या भाषेत बोलावे लागते आणि ती त्याला येत नाही. म्हणून तो रकाना फिकट दिसत होता.

त्या १६ रंगांची आणि माझी जुनी ओळख आहे. मी खडेबाजारातल्या एका छापखान्यात नोकरीला असताना विंडोज ९८ पुन्हा टाकावे लागले आणि मदरबोर्डबरोबर आलेली ड्रायव्हरची सीडी कोणाला सापडेना. ६४० बाय ४८० मध्ये पाने जुळवण्याच्या पेजमेकर प्रोग्रॅमची खिडकी उघडली की पानापेक्षा टूलबॉक्सच जास्त दिसत असे. वधूवरांचा फोटो १६ रंगांत इतका भयानक दिसत होता की पत्रिका पाहायला आलेल्या वरपित्याला मालकांनी बाहेरच चहा पाजून परत पाठवले. इंटरनेटवरून उतरवून घेण्याची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. कोल्हापुरात ओळखीच्या एका दुकानात त्याच मदरबोर्डची सीडी आहे असे फोनवर कळले आणि मालकांनी मला बसने पिटाळले. जाताना ठीक होते. येताना सीमेवर कशावरून तरी तणाव झाला होता, बस कोगनोळीच्या अलीकडेच उभी केली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती सीडी छातीशी धरून मी निपाणीपर्यंत एका तंबाखूच्या टेम्पोत बसून आलो. एका यंत्राला दुसऱ्या यंत्राची भाषा कळावी म्हणून मी दोन राज्यांची हद्द ओलांडत होतो, यातली गंमत तेव्हा कळली नाही. तेव्हा फक्त तंबाखूने डोके दुखत होते.

आता ड्रायव्हर नेमके काय करतो ते सांगतो. ते समजून घेण्यात मी चतुर्थीनंतरच्या कित्येक रात्री घालवल्या आहेत आणि माझी समजूत पूर्वी साफ चुकीची होती. मला वाटत असे की ड्रायव्हर नसला म्हणजे कार्ड झोपते. तसे नाही. माझ्या मॉनिटरच्या पूर्ण मापात, म्हणजे १९२० बाय १०८० मध्ये, २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एका चित्राचे ८२,९४,४०० बाइट झाले, आणि पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे जवळजवळ ५० कोटी बाइट दर सेकंदाला स्मृतीतून वाचून मॉनिटरकडे पाठवावे लागतात. हे वाचून पाठवण्याचे काम कार्ड मुकाट्याने करतच राहते, ड्रायव्हर असो की नसो. प्रश्न असतो तो स्मृतीतल्या त्या पट्ट्यावर लिहायचे कोणी.

ड्रायव्हर नसताना ते लिहिणे मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडते. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक खिडकीचे चित्र स्मृतीत वेगळे ठेवलेले असते आणि ती सगळी चित्रे एकावर एक रचून, सावल्या आणि पारदर्शकता मिसळून, अंतिम पडदा तयार होतो. विंडोजमध्ये ही पद्धत व्हिस्टा या आवृत्तीपासून आली. त्याआधी खिडकी सरकवली की तिच्याखालचा भाग ज्याचा असेल त्या प्रोग्रॅमला तो पुन्हा रंगवायला सांगितले जाई, आणि प्रोग्रॅम गुंतलेला असला तर खिडकीच्या मागे तिच्याच प्रतिमांची शेपटी उमटत जाई. ज्यांनी एक्सपीवर काम केले आहे त्यांना ती शेपटी आठवत असेल. रचण्याचे हे काम ग्राफिक्स कार्डासाठी किरकोळ आहे, कारण तेच गणित हजारो पिक्सेलवर एकाच वेळी करण्यासाठी ते घडवलेले आहे. कार्डाशी बोलता येत नसेल तर विंडोज 'वार्प' नावाच्या आणि लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम 'एलएलव्हीएमपाइप' नावाच्या सोयीने तेच गणित प्रोसेसरकडून करून घेते. चित्र तेच दिसते, पण एका हातात कोरलड्रॉ आणि दुसऱ्या हातात पूर्ण पडदा रंगवण्याचा ब्रश अशी प्रोसेसरची अवस्था होते. माझा तो दहा बाय आठचा फ्लेक्स इंचाला ७२ पिक्सेलने धरला तरी ८६४० बाय ६९१२, म्हणजे सुमारे ५.९७ कोटी पिक्सेल होतो. चार शाईंचे चार बाइट धरले की जवळजवळ २४ कोटी बाइट. उंदीर शेवटी का आला, याचे उत्तर यात आहे.

खरा ड्रायव्हर असतो तेव्हा पिक्सेल पाठवले जात नाहीत, अर्ज पाठवले जातात. 'या जागेवरचा हा चौकोन उचल आणि तिथे ठेव', एवढी आज्ञा पुरते. चौकोन उचलून ठेवण्याची ही क्रिया १९७५ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात डॅन इंगल्स यांनी 'बिटब्लिट' म्हणून मांडली. ती तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये होती. १९८७ च्या आयबीएम ८५१४/ए या कार्डाने चौकोन हलवणे, रंग भरणे आणि रेषा काढणे ही कामे स्वतःच्या अंगावर घेतली. पुढे १९९९ मध्ये एनव्हिडिया या कार्डे बनवणाऱ्या कंपनीने जीफोर्स २५६ हे कार्ड आणताना 'जीपीयू', म्हणजे ग्राफिक्सचा वेगळा प्रोसेसर, हा शब्द सर्वतोमुखी केला, आणि त्रिमितीतले कोन व प्रकाश मोजण्याचे कामही प्रोसेसरकडून कार्डाकडे गेले. आज ड्रायव्हर या आज्ञा स्मृतीतल्या एका गोल रांगेत ओळीने मांडतो आणि कार्डावरच्या एका ठराविक रजिस्टरमध्ये नोंद करून घंटी वाजवतो. कार्ड स्वतः येऊन रांगेतल्या आज्ञा वाचते, काम उरकते आणि झाल्याची खूण ठेवते. प्रोसेसर तोपर्यंत दुसऱ्या कामाला मोकळा असतो.

मला सर्वांत जास्त आवडलेला भाग म्हणजे हा दुभाषी एकटा नसतो. त्याचे दोन भाग असतात आणि त्यांच्यामध्ये मुद्दाम भिंत घातलेली असते. एक भाग बाहेर, प्रोग्रॅमच्या शेजारी बसतो. प्रोग्रॅमची मागणी ऐकून तिचे कार्डाच्या भाषेत भाषांतर करणे हे त्याचे काम, आणि ते सगळ्यात किचकट असते. दुसरा भाग आत, कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात असतो. तो फारसे भाषांतर करत नाही. आलेला अर्ज कोणाचा, त्याला कोणती स्मृती वापरण्याचा हक्क आहे, कोणाचा नंबर आधी, एवढे तो पाहतो. लिनक्समध्ये बाहेरच्या बाजूला मेसा आणि आतल्या बाजूला डीआरएम असते. झाडाखालचा बाँड रायटर आणि खिडकीतला आवक कारकून, अगदी तीच विभागणी. बाहेरच्याने लिहिताना घोळ घातला तर एक अर्ज फुकट जातो, कचेरी बंद पडत नाही. विंडोजमध्येही ही विभागणी व्हिस्टाबरोबर आली; त्याआधी विंडोज एनटी ४.० या आवृत्तीपासून, म्हणजे १९९६ पासून, चित्र काढणारा बहुतेक भाग कर्नलमध्येच असे आणि त्यातली चूक सरळ निळा पडदा दाखवून संगणक पाडत असे. आता कार्ड एखाद्या कामात अडकले आणि साधारण २ सेकंदांत बाजूला झाले नाही, तर विंडोज ते अडकलेले समजून कार्ड आणि ड्रायव्हर नव्याने सुरू करते. पडदा क्षणभर काळा होतो आणि काम पुढे चालू. हे मी मामांना सांगितले तेव्हा त्यांनी ही दोन सेकंदांची सोय आणखी कुठे कुठे बसवता येईल याची यादीच सांगितली. ती इथे देत नाही.

ड्रायव्हर लिहायचा तर कार्डाची भाषा यावी लागते, आणि ती भाषा कंपनीच्या कपाटात असते. एएमडीने २००७ च्या सप्टेंबरात आपल्या कार्डांची कागदपत्रे खुली करायला सुरुवात केली. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी मात्र काही मंडळींनी दुसरी वाट धरली. कंपनीचा बंद ड्रायव्हर चालू असताना तो कार्डाच्या कोणत्या रजिस्टरमध्ये काय लिहितो याची नोंद घ्यायची. मग पडद्यावर एकच त्रिकोण काढायचा, पुन्हा नोंद घ्यायची. रंग बदलायचा, पुन्हा नोंद. आणि दोन नोंदींतला फरक पाहून एकेका शब्दाचा अर्थ लावायचा. यातून उभा राहिलेला 'नूव्हो' हा ड्रायव्हर २०१० मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.३३ या आवृत्तीत सामील झाला.

हे वाचताना मी थबकलो, कारण माझी कन्नड अशीच आली आहे. शाळा मराठी, घर मराठी, पुस्तकातून मी कन्नड शिकलो नाही. गिऱ्हाईक आले की ते 'स्वल्प दोड्ड माडरी' म्हणायचे आणि बोट अक्षरावर ठेवायचे. मी अक्षर मोठे करायचो, ते मान डोलवायचे, आणि दोड्ड म्हणजे मोठे हे पक्के व्हायचे. दुसऱ्या दिवशी दुसरे कोणी 'सण्ण माडरी', म्हणजे बारीक करा, म्हणे. लिपीही पाट्या जुळवता जुळवता आली. २०२४ मध्ये पाट्यांवर ६० टक्के कन्नड असण्याचा नियम आल्यापासून तर एका पाटीत दोन्ही लिप्या मोजून बसवणे हे आमचे रोजचे काम झाले आहे. माझ्या कन्नडमध्ये आजही व्याकरण नाही, फक्त नोंदी आहेत; पण काम होते.

नूव्होच्या गोष्टीला पुढे एक वळण आहे, आणि ते कळल्यावर मला मनापासून वाईट वाटले. २०१४ मधल्या मॅक्सवेल कार्डांच्या दुसऱ्या पिढीपासून कार्डाच्या आतले काही फर्मवेअर एनव्हिडियाच्या डिजिटल सहीशिवाय चालेनासे झाले. भाषा येते, वाक्य बरोबर आहे, पण कागदावर शिक्का नाही. कार्डाचा वेग वाढवण्याची किल्ली त्या शिक्क्याच्या आत होती, त्यामुळे अशी कितीतरी कार्डे नूव्होखाली सुरू होतानाच्या मंद वेगावरच रखडत राहिली. २०२२ च्या मे महिन्यात एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, तोही नव्या पिढ्यांच्या कार्डांसाठी. ज्यांनी ऐकून ऐकून शब्दकोश बनवला त्यांच्या जुन्या कार्डांना त्याचा उपयोग नव्हता.

माझी अडचण त्या मानाने फारच साध्या रीतीने सुटली. दुपारी पुतण्या आला. त्याने पाठीमागे वाकून मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डातून काढली आणि मदरबोर्डच्या खोबणीत लावली. प्रोसेसरच्या आतच एक लहानसे ग्राफिक्स होते आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजकडे तयार होता. पडदा एकदा काळा होऊन परत आला तेव्हा अक्षरे आपल्या मूळच्या अंगाची झाली होती. चतुर्थीची सगळी कामे त्या लहान ग्राफिक्सवर झाली आणि कोणाची तक्रार आली नाही. ते मोठे कार्ड आपण इतकी वर्षे कशासाठी पोसले, हा प्रश्न मी अजून स्वतःला नीट विचारलेला नाही.

मामांचे अक्षर दिवाळीच्या आधी उताऱ्यावर चढले. बाँड रायटरला त्यांनी अर्धा किलो कुंदा नेऊन दिला.

काढलेले कार्ड पुतण्याने आपल्या जुन्या संगणकात बसवले आणि त्यावर लिनक्स टाकले. त्या कार्डासाठी खुला ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे; सीडी नाही, शोधाशोध नाही. मध्यंतरी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याने संगणक सुरू केला आणि तो चहा आणायला आत गेला. मी एकटाच समोर बसलो होतो. काळ्या पडद्यावर मोठी, जाड अक्षरे एकाखाली एक धावत होती, तीच बुटकी आणि पसरट. मग पडदा निमिषभर पूर्ण विझला आणि पुढची ओळ उमटली ती बारीक, रेखीव अक्षरांत, पडद्याच्या पार कडेपर्यंत. धावणारी ओळ मधेच तुटली नव्हती. जिथे थांबली होती तिथूनच ती पुढे गेली. मोडकी बोली बाजूला ठेवून खरा दुभाषी तिथे बोलायला लागला होता. पुतण्या कप घेऊन आला तेव्हा डेस्कटॉप उघडलेला होता.

"काका, एवढं काय बघालाईस?"

"काही नाही," मी म्हटले. "पुन्हा एकदा बंद करून चालू कर बघू."